आधी तू घे

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यात थोडंफार तुमच्या घरचं असेल असं वाटलं होतं, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझी छातीच भरलेली निघाली. तुझी बायको कशी आहे, दुकान कसं चाललंय, एका शब्दाने कळलं नाही. पुढच्या वेळी निदान तेवढं लिही.

फोन का उचलत नाहीस असं विचारलंयस. तालमी सुरू झाल्या की मी दिवसा बोलत नाही, हे तुला आतापर्यंत पाठ व्हायला हवं होतं. प्रॉम्प्टरला आवाज संध्याकाळसाठी राखून ठेवावा लागतो. विंगेतून नटापर्यंत पोचेल पण पहिल्या रांगेला कळणार नाही असं कुजबुजायला ओरडण्यापेक्षा जास्त श्वास लागतो, आणि माझ्याकडे तो मुळातच बेताचा आहे. शिवाय फोनवर तू मध्येच तोंड घालतोस. पत्रात ती सोय नाही.

आता मुद्द्याचं. फ्लूची लस मी यंदा घेणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

कारणं विचारशील. नवं नाटक नोव्हेंबरच्या मध्यावर लागतंय. मुख्य भूमिका आमच्या राजेसाहेबांची. जन्मभर राजांचीच कामं केली म्हणून सगळे त्यांना राजेसाहेब म्हणतात. या नाटकात ते एका साध्या पोस्टमास्तरचं काम करताहेत, पण चालतात अजून राजासारखेच. दुसऱ्या अंकात त्यांचं लांबलचक भाषण आहे आणि ते त्यांच्या डोक्यात राहत नाही. मी विंगेत आहे म्हणून ते रंगमंचावर पाऊल ठेवतात, असं तेच म्हणतात. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी गेल्या वर्षी लस घेतली तर त्यांना दोन दिवस कणकण होती. आता मी दोन दिवस अंथरूण धरलं तर काय होईल? आमचा नवा दिग्दर्शक टपूनच बसलाय. त्याला नटांच्या कानात बसवायचं एक यंत्र आणायचंय. एकदा ते आलं की विंगेतलं माझं स्टूल अडगळीत गेलंच म्हणून समज.

छातीच्या डॉक्टरांनीही समोर बसवून सांगितलं की तुमच्यासारख्या छातीला आणखी एक फ्लू परवडायचा नाही, गेल्या वेळी थोडक्यात निभावलं, पुढच्या वेळी कदाचित... त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. वाक्य कुठे तोडायचं हे मला चांगलं कळतं.

गेल्या हिवाळ्यात जे झालं ते झालं. छाती तुंबली, दवाखान्यात राहिले, नळ्या लागल्या, तू आलास आणि माझ्या पलंगाशेजारी खुर्चीत बसून घोरलास. त्याचा पाढा पुन्हा वाचू नकोस. आणि मी घाबरते असंही समजू नकोस. वेळ नाही, एवढंच.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताई,
नमस्कार.

तुझ्या आज्ञेप्रमाणे आधी घरचं. तुझी भावजय ठणठणीत आहे. दुकानही ठीक. काल एक गृहस्थ जुना चष्मा हरवला म्हणून नवा करायला आले. तपासणीच्या खुर्चीत बसवलं तर जुना त्यांच्या कपाळावरच होता. मी तो अलगद काढून टेबलावर ठेवला. नंबर बदललेला निघाला, त्यामुळे त्यांना नवा लागलाच.

लसीचं म्हणशील तर मी आता तुला आग्रह करणार नाही. करायला तोंडच नाही. खरं सांगू का? मीही घेतलेली नाही.

हसू नकोस. मला सुईची भीती वाटते. आधी वाटत नव्हती. तुला गेल्या हिवाळ्यात त्या नळ्या लावलेल्या पाहिल्या तेव्हापासून वाटायला लागली. शेजारच्या औषधवाल्याकडे लस आलीय. तो रोज दुकान उघडताना विचारतो, "काय चष्मेवाले, येताय ना आज?" आणि मी रोज म्हणतो की आज गर्दी आहे. गर्दी कसली, दिवसभर माशा मारतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी केव्हाच घेतली. तूही तिला काही लिहू नकोस, नाहीतर माझी धडगत नाही.

लहानपणी कडू औषध आलं की मी पलंगाखाली शिरायचो, आठवतं का? मग तू आधी माझ्यासमोर एक चमचा घ्यायचीस, तोंड जराही वाकडं न करता, आणि मग मी घ्यायचो. तू आजारी नसलीस तरी घ्यायचीस. आईला पत्ता नसायचा, तिला वाटायचं बाटली गळते.

मला वाटतं माझी गाडी अजून तिथेच अडलीय. तू घेतलीस तर मी घेईन. तू नाही घेतलीस तर राहू दे, दोघंही नको घेऊ या.

तुझा,
धाकटा


१९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोक्याला हात लावला. साठी उलटलेला माणूस, दुकानाबाहेर तुझ्या नावाची पाटी, आणि पलंगाखाली शिरतोस?

तुझा धंदा काय आहे ते जरा आठव. दिवसभर लोकांच्या नाकाला नाक लावून त्यांच्या डोळ्यांत बघत बसतोस. कुणी शिंकलं तर आधी तुझ्या तोंडावर शिंकतं. वाचनालयातल्या माणसाने लस नाही घेतली तर एक वेळ समजू शकते. चष्मेवाल्याने घेऊ नये? तू आजारी पडलास तर दुकान बंद, आणि तेवढ्यावर भागत नाही. पण तुझ्याकडे येणारी निम्मी माणसं म्हातारी असतात. त्यांना तू नंबरासोबत आणखी काय देणार आहेस?

आता नीट ऐक. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलंय तेच तुला सांगते. त्या लसीतले जंतू मेलेले असतात, त्यांच्याने फ्लू होत नाही. दंड एखादा दिवस दुखतो, क्वचित कणकण येते, आणि ती फ्लूच्या पासंगालाही पुरत नाही. लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात, म्हणजे साथ दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण फ्लू दरवर्षी वेगळे कपडे घालून येतो. घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण झाला तरी दवाखान्यापर्यंत जायची वेळ बहुधा येत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

माझी गोष्ट वेगळी आहे. मला वेळ नाही, हे मी तुला लिहिलंच होतं. परवा आमच्या व्यवस्थापकांनी एक नर्स थिएटरातच बोलावली होती. सगळ्यांनी मेकअपच्या खोलीबाहेर रांग लावली. राजेसाहेबांनी तर बाही अशी वर केली की जणू तलवार उपसताहेत. मी तेव्हा सामानाच्या खोलीत दुसऱ्या अंकातल्या कंदिलाची काच शोधत होते. ती सापडेपर्यंत नर्स निघून गेली. नंतर आठवलं की त्या कंदिलाला काच लागतच नाही, तो बंदच असतो.

ते असो. तू उद्याच्या उद्या शेजारी जा. बायकोला मी काही लिहीत नाही, पण फार दिवस नाही.

ताई


२६ ऑक्टोबर

ती. ताई,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून हिंमत आली. मंगळवारी दुकान अर्धा तास आधी बंद केलं, केस विंचरले आणि शेजारी गेलो. दारातूनच मला ती सुई दिसली. अशी लांब! पाय लटपटले. औषधवाला "या, या" म्हणतोय आणि मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत. गोळ्या नको होत्या. आता गल्ल्याशेजारी पडल्यात, येणारंजाणारं एकेक उचलतंय.

तू लिहिलंस ते सगळं पटलं. जंतू मेलेले असतात ते पटलं, म्हातारी गिऱ्हाइकं पटली, वेगळे कपडे तर फारच पटले. ते मी परवा एका बाईंना चष्मा घालताना सांगितलं, त्या दुपारीच जाऊन घेऊन आल्या. म्हणजे तुझं पत्र काम करतंय, फक्त माझ्यावर करत नाही.

ताई, मला समजवू नकोस. समजवून झालंय. तू फक्त जाऊन घे आणि मला एवढंच लिही की घेतली, आणि कसं वाटलं ते. तुझं ते पत्र हातात पडेल त्याच दिवशी मी जाईन. तू लिहिलंस म्हणजे ते खरंच असणार.

इकडे थंडी पडलीय. मला सकाळी जरासा खोकला असतो. काळजीचं काही नाही, आपलं सांगून ठेवतो.

तुझा,
धाकटा


४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घेतली.

कसं वाटलं ते लिही म्हणालास म्हणून लिहिते, नाहीतर हा काही पत्र लिहिण्याचा विषय नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. तालमीला सुट्टी होती. सकाळी निघाले, फाटकापर्यंत गेले आणि छत्री राहिली म्हणून परत आले. छत्री घेऊन पुन्हा गेले. आभाळ अगदी स्वच्छ होतं. दवाखान्यात बाकावर एक बाप आणि त्याची लहान मुलगी बसली होती. मुलगी बापाला सांगत होती की तुम्ही रडू नका. मला ती फार शहाणी वाटली.

आत एक खुर्ची, एक टेबल, भिंतीवर कान-नाक-घशाचं चित्र, आणि तो वास. स्पिरिटचा. तो वास आला आणि मी उठून उभी राहिले. नर्स म्हणाली, "बसा ना." मी म्हटलं, बसते, आधी जरा उभी राहते. तिने घाई केली नाही. टेबलावरचा कापूस उगाच नीट करत बसली. मग मी बसले. खोटं का सांगू, डोळे मिटून मी दुसऱ्या अंकातलं राजेसाहेबांचं भाषण मनात म्हणायला लागले. ते अजून पाठ नसलेला माणूस आमच्या कंपनीत तो एकटाच. मी तिसऱ्या ओळीवर होते तेव्हा नर्स म्हणाली, झालं. मला आधी खरंच वाटलं नाही. दंडावर चिकटपट्टी होती म्हणून विश्वास ठेवला.

पुढचं: अर्धा तास तिथेच बसवून घेतलं. काही झालं नाही. दंड दोन दिवस दुखला, त्या कुशीवर झोपता आलं नाही. कणकण आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विंगेत होते, राजेसाहेब दोनदा अडले, दोनदा सावरलं. माझ्याकडे बघून कुणाला काही कळलंही नाही.

सुई लांब नसते. दिसतही नाही, कारण आपण बघत नाही.

आता तू. त्याच दिवशी जाईन असं लिहिलंयस, ते माझ्याकडे लेखी आहे. आणि खोकला अंगावर काढू नकोस.

तुझी,
ताई


१२ नोव्हेंबर

ती. वन्सं,
नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नका, सगळे बरे आहेत. हे भिंगं आणायला दोन दिवस परगावी गेलेत. तुमचं पत्र आलं तेव्हा निघायच्याच गडबडीत होते. उभ्या-उभ्याच वाचलं, खाली बसले, पुन्हा वाचलं, आणि मग चष्मा पुसत बसले. गाडी चुकायची वेळ आली तरी हलेनात. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "ताईने लस घेतली." आणि माझ्या हातात पत्र देऊन गेले.

तुम्ही घेतलीत हे फार चांगलं केलंत. मलाही किती बरं वाटलं म्हणून सांगू! गेल्या वर्षी हे तुमच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा आठवडाभर धड जेवले नव्हते.

पण वन्सं, पत्रातली एक गोष्ट मला उलगडेना, म्हणून हे चार शब्द. तुम्ही "आता तू" असं लिहिलंय. यांना आता पुन्हा घ्यायची आहे का? यांनी तर सप्टेंबर संपता-संपताच घेतली, दरवर्षीसारखी, शेजारच्या औषधवाल्याकडे. माझीही तेव्हाच झाली. हे तर तिथे उभे राहून त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत होते, केव्हा टोचलं तेही यांना कळलं नाही. वयामुळे दुसरी घ्यावी असं तुमच्या डॉक्टरांनी काही सांगितलंय का? तसं असेल तर कळवा, मी यांना धाडते.

खोकलाही यांना नाही. तो कोणाचा?

उत्तर जमेल तेव्हा पाठवा. नाटकाला शुभेच्छा.

तुमची,
भावजय


५ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रुसून बसले असेन असं तुला वाटलं असणार. तुझी लागोपाठ आलेली दोन्ही कार्डं मिळाली. दोन्हींवर फक्त "ताई, लिही" एवढंच होतं. एवढं कमी तू आयुष्यात कधी बोलला नसशील.

नाटक लागलं आणि दुसऱ्या आठवड्यात साथ आली. आधी दिग्दर्शक पडला. नर्स आली त्या दिवशी तो म्हणे यंत्रवाल्यांकडे गेला होता. मग प्रकाशयोजना बघणारा, मग नायिकेची आई झालेली बाई. पुढे एक दिवस दुपारी माझंही अंग तापलं. लस घेऊनही तापलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू इतरांना सांगताना फुगवून सांगणार नाहीस. तीन दिवस पडून होते. छातीत घरघर होती. रात्री उशा रचून बसून झोपले. पण तुंबली नाही. दवाखान्यात जावं लागलं नाही. डॉक्टर घरी येऊन ऐकून गेले आणि म्हणाले, लस घेतली नसतीत तर मी हे तुमच्या घरी बसून ऐकत नसतो. असंही म्हणाले की खात्रीने कुणी सांगू शकत नाही. मला दुसरं वाक्य जास्त आवडलं, पण पहिलं लक्षात राहिलं.

माझ्यावाचून दोन प्रयोग झाले. कपडेपटवाल्या बाई संहिता घेऊन माझ्या स्टुलावर बसल्या. राजेसाहेब भाषणात अडले, बाईंना जागा सापडेना, तेव्हा त्यांनी अर्धं भाषण गाळलं आणि सरळ शेवटच्या ओळीवर आले. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. आता दिग्दर्शक तेवढंच ठेवू या म्हणतोय. यंत्र अजून आलेलं नाही. येईलही. त्याचं मला इतकं काही वाटेनासं झालंय, हे बघून माझी मलाच गंमत वाटते.

आता तुझं. बायकोला बोलू नकोस. तिच्या पत्राने मला नवीन काही कळलं नाही. औषधवाला काही सुया दारात मांडून बसत नाही, की दारातून दिसाव्यात. आणि जो माणूस सकाळ-संध्याकाळ लोकांच्या डोळ्यांत भिंगं बसवतो, त्याचे पाय सुई बघून लटपटतात? जन्मभर मी नटांची खोटी वाक्यं ऐकत आले. तुझं ते सव्वीस तारखेचं पत्र वाचलं आणि संहिता बाजूला ठेवली.

म्हणजे तू घाबरल्याचं सोंग करतोयस हे दवाखान्यात गेले तेव्हा मला माहीत होतं. तू केव्हाच घेतली असणार हेही माहीत होतं.

तरी का गेले, ते विचारशील. तुला लिहायला बसले आणि दोनदा उठले, म्हणून हे पत्र इतकं लांबलं. मला भीती वाटत होती, धाकट्या. वेळ नव्हता हे खोटं. त्या हिवाळ्यापासून मला स्पिरिटचा वास सहन होत नाही, पांढऱ्या भिंती सहन होत नाहीत. पलंगावर आडवं व्हायचं आणि मग कुणीतरी आपल्या दंडाला हात लावायचा, या नुसत्या विचाराने माझा श्वास अडकतो. हे मी कुणाला सांगणार? मी थोरली. आपल्या घरात घाबरण्याचं काम तुझं होतं, माझ्या वाट्याला ते कधी आलंच नाही. ते कसं करतात हेही मला माहीत नव्हतं.

तू माझी भीती उचललीस आणि तुझी म्हणून मला लिहून पाठवलीस. तुझी आहे म्हटल्यावर मला तिच्यावर रागावता आलं, तिला समजावता आलं, वर उपदेशही करता आला. माझीच म्हणून माझ्यासमोर ठेवली असतीस तर मी दार लावून घेतलं असतं.

पण पुढच्या वर्षी हे नको. पुढच्या वर्षी दोन दिवस दुकान बंद ठेव आणि इकडे ये. मी तुला दारातच सांगेन की मला भीती वाटते. मग तू माझ्याबरोबर चल.

तुझी,
ताई